संमेलनाची भेटवस्तू : स्मरण कशाचे राहावे?

संमेलनाहून परतणाऱ्या वैद्याच्या हाती बहुधा एक पिशवी असते. तीत एक वही, एक लेखणी, प्रायोजकांची माहितीपत्रके, एखादे टेबलावरचे घड्याळ किंवा लेखण्या ठेवण्याची डबी आणि स्मरणिका इतका ऐवज असतो. आठवडाभरात माहितीपत्रके रद्दीत जातात, वही मुलांच्या अभ्यासात खपते आणि घड्याळ पहिला सेल संपेपर्यंत चालते. दोन वर्षांनी तीच वस्तू कपाटात सापडली, तर ती नेमकी कोणत्या संमेलनातील हे सांगता येत नाही. कारण तिच्यावर एखाद्या औषधाचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि संमेलनाचे नाव एक तर नसते किंवा पुसले गेलेले असते. संघटनेने अशा वस्तूंवर खर्च केलेला असतो, कार्यकर्त्यांनी रात्र-रात्र जागून पिशव्या भरलेल्या असतात. तरी हाती काही उरत नाही. असे का होते व ते कसे टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'स्मृतिचिन्ह' हा शब्द आपण सहज वापरतो. स्मृती कशाने जागी होते, याचे विवेचन आपल्याच संहितेत आहे, हे मात्र भेटवस्तू ठरविताना कोणाच्या ध्यानी येत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या, म्हणजे कतिधापुरुषीय अध्यायात स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत : निमित्तग्रहण, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. कारण दिसले की कार्य आठवते. आकार पाहिला की तशा आकाराची दुसरी वस्तू आठवते. पुत्राला पाहून त्याच्यासारखा दिसणारा पिता आठवतो, तसेच अगदी विरुद्ध वस्तू पाहूनही स्मरण होते. मन एकाग्र केल्याने आठवते, पुनःपुन्हा केल्याने आठवते, आणि विसरलेल्या विषयाचा एक अंश पुन्हा कानी पडला की उरलेला सारा विषय जागा होतो.

ही यादी समोर ठेवून नेहमीच्या भेटवस्तूकडे पाहावे. टेबलावरच्या घड्याळाचा आणि संमेलनातील विषयाचा कार्यकारणसंबंध नाही, आकाराचे साम्य नाही आणि घड्याळ पाहण्याने त्या विषयाचा अभ्यासही घडत नाही. तेव्हा घड्याळ पाहून वेळच आठवते, संमेलन आठवत नाही. उलट, संमेलनात जो एक विषय मांडला गेला, त्याच्याशी निमित्ताने वा सादृश्याने जोडलेली आणि चिकित्सालयात रोज हाताळली जाणारी वस्तू दिली, तर निमित्त, अभ्यास व पुनःश्रुत ही तीन कारणे एकाच वेळी कामास लागतात. अलीकडे व्यापारी जगात याला 'थीम'नुसार भेटवस्तू देणे म्हणतात. आपल्याला तो शब्द उसना घेण्याची गरज नाही. विषयानुरूप भेट एवढे म्हटले तरी पुरते.

एक अनुभव सांगतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी आमच्या शाखेच्या वार्षिक संमेलनाचा विषय 'मात्रा व अनुपान' असा ठरला होता. आसवारिष्टांची मात्रा भारतीय आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत सामान्यतः १२ ते २४ मि.ली. दिलेली असते. आपण रुग्णास 'दोन-तीन चमचे घ्या' असे सांगतो. घरातला चमचा कोणता हे आपण विचारीत नाही. चहाचा चमचा ५ मि.ली.चा मानला जातो, परंतु प्रत्यक्षात घरोघरी त्याचे आकारमान वेगळे. वाढपाचा चमचा तर कितीतरी मोठा. एका ज्येष्ठ वैद्यांनी बैठकीत सरळ विचारले, "अहो, दोन दिवस मात्रेवर व्याख्याने ठेवणार आणि शेवटी हाती लेखणीच देणार का?" त्यातून औषध मोजण्याचा पारदर्शक पेला देण्याची कल्पना निघाली. त्यावर ६, १२, १८ व २४ अशा खुणा, वरच्या कडेला संमेलनाचा विषय व वर्ष, आणि तळाशी शाखेचे नाव, एवढाच मजकूर ठेवला.

पेले आले तेव्हा ते दिसावयास फार देखणे होते. एका सदस्य औषधविक्रेत्यांनी सहज म्हणून एक पेला आपल्या तराजूवर ठेवला, १२ च्या खुणेपर्यंत पाणी भरले आणि वजन पाहिले. १२ मि.ली. पाण्याचे वजन १२ ग्रॅमच्या जवळ यावयास हवे. ते नऊ ग्रॅमच्या थोडे वर भरले. खुणा पेल्याच्या साच्यात उठावाने आलेल्या नव्हत्या, त्या नंतर बाहेरून छापलेल्या होत्या. छपाईत पेला जरा वर-खाली बसला की साऱ्या खुणा सरकतात. शिवाय खाली निमुळत्या होत गेलेल्या पेल्यात खुणांमधील अंतर समान ठेवून चालत नाही, हेही आखणाऱ्याच्या लक्षात आले नव्हते. मात्रेवरील संमेलनात चुकीच्या मापाचा पेला वाटण्याचा प्रसंग थोडक्यात टळला. सर्व माल परत केला. संमेलनात रिकाम्या हाताने क्षमा मागितली आणि उठावाच्या खुणांचे पेले पुढे दीड महिन्याने टपालाने पाठविले. त्या वेळी ओशाळवाणे झाले, हे खरे. परंतु तो पेला आजही अनेकांच्या औषधालयात उभा आहे, आणि कोणी तो हाती घेतला की त्या संमेलनातील चर्चा निघते. त्यानंतर कित्येकांनी आणखी पेले मागवून रुग्णांस दिले.

या प्रसंगातून विषयानुरूप वस्तूचे बळ दिसते, तसा तिचा धोकाही दिसतो. साधी लेखणी चुकीची असू शकत नाही. काही शिकविणारी वस्तू मात्र चुकीचे शिकवू शकते, आणि ती रोज वापरात असल्याने तीच चूक रोज घडते. म्हणून मापाची वस्तू असेल तर दहा नगांची तपासणी पाण्याने व तराजूने करावी. मानपरिभाषेचा तक्ता असेल तर फॉर्म्युलरीशी आकडा-आकडा ताडून पाहावा. कर्ष १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम, कुडव १९२ ग्रॅम, प्रस्थ ७६८ ग्रॅम ही तेथील माने आहेत. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हे ठाऊक असलेला कोणीतरी त्या हिशेबाने तक्ता 'सुधारून' ठेवतो आणि मग खालचे सगळे आकडे डळमळतात. असा तक्ता औषधी निर्माण करणाऱ्यांच्या भिंतीवर लागला, तर काय होईल हे निराळे सांगावयास नको.

वनस्पतींची रोपे हा आपल्या संघटनांचा आवडता प्रकार आहे, आणि द्रव्यगुण हा विषय असेल तर त्याहून समर्पक भेट नाही. येथे काळाचा विचार हवा. २०१६ पासून धनत्रयोदशीला आयुर्वेद दिन साजरा होत असे. २०२५ पासून केंद्र शासनाने त्यासाठी २३ सप्टेंबर ही निश्चित तारीख ठरविली आहे. धन्वंतरी जयंती अर्थातच आश्विन वद्य त्रयोदशीलाच राहिली. रोप देणाऱ्यास हा बदल सोयीचा आहे. सप्टेंबरअखेर आपल्याकडे जमिनीत ओल असते, रोप जीव धरते. २०१६ मध्ये धनत्रयोदशी २८ ऑक्टोबरला होती. त्या सुमारास पाऊस सरलेला असतो आणि दुर्लक्ष झालेले रोप दिवाळीच्या गडबडीतच वाळते. अडुळसा, शतावरी, निर्गुंडी, ब्राह्मी यांपैकी संमेलनाच्या विषयाशी जुळेल ते एकच रोप सर्वांस द्यावे. पाच प्रकारची रोपे दिली की कोणते कोणाला मिळाले एवढीच चर्चा होते.

गुळवेल द्यावयाची असेल तर बोटाएवढ्या जाडीच्या, दोन-तीन पेरे असलेल्या कांडीवरही काम भागते. ती सहज रुजते. मात्र कांडी कोठून आणली हे पाहावे. गुळवेलीची एक जातभगिनी हुबेहूब हृदयाकृती पानांची असते, परंतु तिच्या खोडावर ठळक गाठी व पुटकुळ्या असतात. रोपवाटिकेतून आलेल्या शे-दीडशे कांड्यांत अशा किती आहेत, हे द्रव्यगुणाच्या अध्यापकांनी डोळ्यांखालून घालावे. आपल्या सहीशिक्क्याने वाटलेले रोप लोक निःशंकपणे वापरतात.

तांब्याचे पाणी पिण्याचे भांडे ही दुसरी लोकप्रिय भेट. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हाताने ठोकून केलेले मठारकाम अद्याप होते. यंत्रावर ओढलेल्या भांड्यापेक्षा ते महाग पडते, पण ते डोळ्यांत भरते. परंतु भांड्यासोबत एक लहान चिठ्ठी हवीच की यात केवळ पाणी ठेवावे. ताक, लिंबाचे सरबत, कोकम यांसारखे आम्ल पदार्थ ठेवू नयेत. रसशास्त्र शिकलेल्या वाचकास हे सांगणे हास्यास्पद वाटेल. पण ते भांडे वैद्याच्या घरी राहते, आणि घरात रसशास्त्र न शिकलेली माणसेही असतात.

आता नावाचा प्रश्न. भेटवस्तूचा खर्च पुष्कळदा औषधनिर्माते उचलतात आणि त्यांनी आपले नाव त्यावर मागितले तर त्यात गैर काय, असे विचारले जाते. यात गैर असू शकते. रुग्ण समोर बसला आहे, वैद्याच्या हातातील लेखणीवर एका गुग्गुळाचे व्यापारी नाव आहे आणि त्याच लेखणीने तेच नाव चिठ्ठीवर उतरते आहे. हे रुग्णास दिसते. लेखणीमुळे ते औषध लिहिले गेले असेल असे नाही, परंतु लेखणीमुळे नव्हे असे रुग्णास पटवून देणे कठीण. आधुनिक वैद्यकात या प्रश्नावर बराच काथ्याकूट झाला. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये नियमांत बदल करून डॉक्टरांनी औषधकंपन्यांकडून भेटी घेण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींवरील खर्च कंपनीस आयकरातून वजा करता येणार नाही, असा निर्णय दिला. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने काढलेल्या विपणन संहितेत डॉक्टरांस वैयक्तिक लाभाची भेट निषिद्ध आहे. पुस्तके, दिनदर्शिका, दैनंदिन्या, नमुनाकृती यांसारख्या माहितीपर वस्तूंस प्रत्येकी १,००० रुपयांपर्यंत मुभा आहे. हे नियम प्रामुख्याने त्या क्षेत्राला समोर ठेवून झाले. आपल्या नोंदणीकृत वैद्यांनी राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाचे नीतिनियम मुळातून वाचावेत. तथापि, वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे ओळखण्यास एवढे पुरे.

माझे स्वतःचे मत असे की, वस्तूवर संमेलनाचा विषय, संघटना आणि वर्ष एवढेच असावे. प्रायोजकाचे आभार स्मरणिकेत, व्यासपीठावरील फलकावर आणि सोबतच्या वेगळ्या पत्रावर ठळकपणे मानावेत. औषधाचे नाव वस्तूवर नको. फार आग्रह झाला तर निर्मात्या संस्थेचे नाव खोक्यावर घ्यावे. काही प्रायोजक यावर नाराज होतात. आमच्या अनुभवात एकाने देणगी निम्मी केली, आणि आम्ही पेल्याऐवजी खोके साधे केले.

याहून गंभीर चूक म्हणजे औषधच भेट म्हणून देणे. संघटनेच्या नावाची चिठ्ठी लावलेला च्यवनप्राशाचा डबा, केशतेलाची बाटली किंवा दंतमंजनाची पुडी देण्याचा मोह मोठा असतो. विषयाशी जुळते, सर्वांस आवडते. परंतु औषधी व सौंदर्यप्रसाधन कायद्यानुसार आयुर्वेदिक औषध विक्रीसाठी अथवा वितरणासाठी तयार करावयाचे असेल तर परवाना लागतो. फुकट वाटणे हेही वितरणच. वैद्याने स्वतः औषध बनविण्यास जी सूट आहे, ती केवळ त्याच्या स्वतःच्या रुग्णांपुरती आहे. दोनशे प्रतिनिधी हे कोणाचेही रुग्ण नव्हेत. म्हणून एखाद्या सदस्याने आपल्या चिकित्सालयात सिद्ध केलेले तेल संमेलनात वाटणे, कितीही उत्तम हेतूने असले तरी, या सुटीत बसत नाही. परवानाधारक निर्मात्याचे औषध द्यावयाचे झाल्यास ते त्याच्या मूळ वेष्टनात, घटक, परवाना क्रमांक, समूह क्रमांक व वापराची मुदत यांसह द्यावे. त्यावर स्वतःची चिठ्ठी चिकटवून हा मजकूर झाकू नये.

छापील वस्तूंनाही एक कायदा लागू आहे, आणि तो १९५४ चा आहे : औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस प्रतिबंध करणारा. मधुमेह, रक्तदाब, स्थौल्य, मूतखडा अशा अनुसूचीतील व्याधींवर अमुक औषध गुणकारी, असे छापणे त्यात निषिद्ध आहे. आणि जाहिरातीच्या व्याख्येत सूचनापत्र, चिठ्ठी, वेष्टन हे सारे येते. केवळ नोंदणीकृत चिकित्सकांस गोपनीयरीत्या पाठविलेल्या मजकुराला त्यात सवलत आहे. दिनदर्शिका वैद्यास दिली तरी ती टांगली जाते प्रतीक्षा कक्षात, रुग्णांच्या डोळ्यांसमोर. मग गोपनीयता कसली? बारा महिन्यांच्या पानांवर बारा व्याधी व बारा औषधे छापण्याची हौस असेल, तर त्याऐवजी सहा ऋतूंची ऋतुचर्या छापावी. ती विषयास धरून असते, रुग्णही वाचतो आणि वर्षभर उलटली जाते. अभ्यास हे स्मृतिकारण येथे फुकट मिळते.

हिशेबाच्या बाजूने औषधविक्रेत्यांनी व निर्मात्यांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट मिळत नाही. तेव्हा खर्च धरताना कर मिळवूनच धरावा. तसेच व्यवसायाच्या निमित्ताने एकाच व्यक्तीस वर्षात २०,००० रुपयांहून अधिक मूल्याचा लाभ दिल्यास, १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के करकपात करावी लागते. संमेलनातील पेल्याने ही मर्यादा ओलांडली जात नाही. परंतु पेला, प्रवास व निवास एकाच प्रायोजकाने केला तर बेरीज लवकर होते. सनदी लेखापालास आधी विचारावे.

छपाईविषयी थोडे. कापडी पिशवीवर स्क्रीन छपाई स्वस्त पडते. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी करावी लागत असल्याने एकच रंग ठेवावा. तांबे, पितळ व पोलाद यांवर लेझरने कोरलेली अक्षरे टिकतात, चिकटविलेली चिठ्ठी दोन धुण्यांत निघते. जोडाक्षरे बारीक टंकात भरून जातात आणि 'द्रव्यगुण' हा शब्द काळा ठिपका होतो, म्हणून कोरण्याआधी प्रत्यक्ष वस्तूवरचा एक नमुना मागवावा. संगणकाच्या पडद्यावर मान डोलावून काम सोडू नये. आणि मजकूर दोघांनी अक्षर-अक्षर वाचावा. 'आयुर्वेद' हा शब्द 'आर्युवेद' असा छापलेली मानचिन्हे मी एकाहून अधिक दिवाणखान्यांत मांडलेली पाहिली आहेत. ज्यांचा सत्कार झाला, त्यांनी ती सोज्वळपणे जपून ठेवली आहेत, आणि प्रत्येक पाहुणा ती वाचतो.

वस्तू केव्हा द्यावी, यावर आमच्या कार्यकारिणीत दरवर्षी वाद होतो. नोंदणी कक्षातच पिशवी दिली की काम हलके होते, परंतु त्या वेळी वस्तूचा अर्थ कोणालाच ठाऊक नसतो आणि ती खुर्चीखाली जाते. पेल्याच्या वर्षानंतर आम्ही विषयाचे मुख्य व्याख्यान संपल्यावर, सभागृहातच, वस्तू वाटू लागलो. व्याख्यात्यांनी ती हाती घेऊन दोन मिनिटे तिचा उपयोग दाखवावा, मग वाटप व्हावे. दुपारच्या भोजनाआधीची वेळ सोयीची; संध्याकाळी गाडी पकडणारे निम्मे प्रतिनिधी निघून गेलेले असतात. प्रत्येक वर्षीच्या वस्तूचे दोन नग, नमुन्याची मंजुरी व पुरवठादाराचे देयक यांसह शाखेच्या कपाटात ठेवण्याचाही आम्ही पायंडा पाडला आहे. नवीन कार्यकारिणी आली की प्रथम ते कपाट उघडते. परत केलेल्या पेल्यांपैकी एक, सरकलेल्या खुणांसह, त्यात मुद्दाम ठेवला आहे.